बीवायडी सीलसारख्या इलेक्ट्रिक सेडानची स्टेशन वॅगन काढायला हवी का?

कोथरूडचा_प्लग

मंडळी, गाडी बदलायचीये आणि ओढूनताणून चाळीस-बेचाळीसपर्यंत जाता येतंय. बीवायडी सील मनात भरलीये, चालवून पण आलो, गाडी म्हणून काही म्हणायचं नाही. पण घोडं अडलंय डिकीवर. मागे 400 लिटर, पुढे बॉनेटखाली पन्नासेक लिटरचा खण, कागदावर वाईट नाही. वांधा आहे तो डिकीच्या तोंडाचा. मागची काच उतरत उतरत पार शेपटीपर्यंत आलेली, खाली बंपर, मधे जी काही फट उरते त्यातून आईची घडीची व्हीलचेअर तिरकी करून, चाकं वळवून, एकदाची आत ढकलायची आणि परत बाहेर काढताना तेच. शिवाय गणपतीला आणि मे महिन्यात दापोली असते, म्हणजे जाताना बॅगा आणि येताना आंब्याच्या पेट्या, आणि पेट्या व्हीलचेअरवर ठेवता येत नाहीत.

आता बघा, गाडी 4.8 मीटर लांब आहे, व्हीलबेस 2920 मिमी, म्हणजे जागा रस्त्यावर आपण अडवतोच आहोत. हेच छप्पर सरळ मागेपर्यंत नेलं आणि मागे उभं दार लावलं, म्हणजेच स्टेशन वॅगन केली, तर त्याच लांबीत किती काय बसेल. आणि बीवायडीला ते जमत नाही असं पण नाही, सील 06 ची टूरिंग, म्हणजे वॅगनच, त्यांनी काढलीये की, 2025 च्या म्युनिक शोमध्ये युरोपवाल्यांना दाखवली पण, फक्त ती प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बॅटरीबरोबर पेट्रोल इंजिन पण. मग नुसत्या बॅटरीवरच्या सीलची वॅगन का नको? काढली तर इथे कोणी घेईल का?

एसयूव्ही घे हा सल्ला घरात सासऱ्यांपासून सगळ्यांनी देऊन झालाय, त्यामुळे प्लीज तो सोडून बोला.

टॉप_गियर_तात्या

घेईल ना, तुम्ही घ्याल. आणि अजून एक जण घेईल, तो पण याच धाग्यावर असेल.

अहो आपल्याकडच्या वॅगनांचा इतिहास बघा जरा. टाटा इस्टेट 1992 ची, आपल्या पिंपरीची. मग मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची वीकेंड, ओपलची स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, आणि 2004 ला इंडिगो मरीना. एकापेक्षा एक कामाच्या गाड्या, आणि एकही टिकली नाही. लोक मरीनाला अँब्युलन्स म्हणायचे, तोंडावर. आमच्याकडे "एवढे पैसे घालून मागून टेम्पोसारखी दिसणारी गाडी कशाला" हा प्रश्न शोरूममध्येच बायको, आई, मेव्हणा सगळे मिळून विचारतात आणि विषय संपतो. व्होल्वोने 2017 ला व्ही90 क्रॉस कंट्री आणली होती, 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, चारही चाकं चालणारी, अजून काय पाहिजे? किती दिसल्या तुम्हाला रस्त्यावर?

हिशोब_पक्का

तात्या, इतिहास बरोबर आहे पण कारण अर्धंच सांगितलंत. दिसण्याचा भाग आहेच, पण टॅक्सचा भाग लोक विसरतात.

2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या आली, लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत, आणि या चौकटीत बसलं की एक्साइज 24 चं 16 टक्के. तिथून पुढे आपल्याकडच्या सेडानचं मागचं टोक कापलं गेलं ते गेलंच. इंडिगोची 2008 ला सीएस, म्हणजे आखूड केलेली, आली ती याचसाठी, मग डिझायर, मग टिगॉर, सगळ्या 3.99 मीटरच्या. आता वॅगन ही मुळात लांबीवर जगणारी गाडी, मागच्या चाकाच्या पुढे अन् मागे पत्रा लांब पाहिजे. 4 मीटरच्या आत वॅगन काढायची म्हणजे ती हॅचबॅकच झाली की! आणि 4 मीटरच्या बाहेर गेलात की टॅक्स उडी मारतो, म्हणजे गिऱ्हाइकाने अँब्युलन्स म्हणवून घेण्यासाठी वर जास्त पैसे मोजायचे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तरी ही भिंत तिथेच आहे, आतल्यांना 18 टक्के आणि बाहेरच्यांना 40.

पण इलेक्ट्रिकला ही भिंतच नाही! जीएसटी 5 टक्के, गाडी साडेतीन मीटरची असो नाहीतर पाच मीटरची. आधी पण 5, आता पण 5. म्हणजे वीस वर्षांत पहिल्यांदा लांब शेपटीची गाडी काढायला सरकारकडून दंड नाहीये. मला तर नवल वाटतं की हा मुद्दा कोणी बोलत कसं नाही. टिगॉर ईव्ही पण 4 मीटरच्या आतच राहिली, कारण पत्रा पेट्रोलवाल्या टिगॉरचाच. तिची डिकी पेट्रोलला 419 लिटर आणि ईव्हीला 316, बॅटरी आणि स्टेपनीनं खाल्ली. मुळात इलेक्ट्रिक म्हणून आखलेल्या गाडीला असलं काही करायची गरज नाही.

सीलचं मात्र वेगळं, ती बाहेरून बनून येते, आयात शुल्क लागतं. त्यामुळे या टॅक्सच्या मुद्द्याचा खरा फायदा घ्यायचा तर इथे बनवणाऱ्याने घ्यायला पाहिजे, म्हणजे टाटा किंवा महिंद्राने.

ब्राउनश्वाइगकर

मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या, म्हणजे फोक्सवॅगनच्या गावाच्या शेजारी. इकडचं चित्र सांगतो, मग तुम्ही ठरवा.

इथे प्रश्न उलटा आहे. फोक्सवॅगनची नवी पसाट युरोपात सेडान म्हणून मिळतच नाही, फक्त वॅगन, ज्याला हे लोक कॉम्बी म्हणतात. सेडान घेणारा म्हणजे एकतर टॅक्सीवाला नाहीतर आजोबा अशी समजूत. ऑफिसकडून गाडी मिळते, तिच्यात आठवडाभर ऑटोबानवर पळायचं आणि शनिवारी तिच्यातच कुत्रा, सायकल, मुलांची बाबागाडी, आयकियाचं कपाट सगळं कोंबायचं. तात्या, इथे कॉम्बीला कोणी टेम्पो म्हणत नाही. कॉम्बी म्हणजे घरदार असलेला, नोकरीत स्थिरावलेला माणूस.

आता इलेक्ट्रिकमधले आकडे, कारण कोथरूडकरांचा खरा प्रश्न हा असायला पाहिजे की वॅगन केल्याने रेंज किती जाते. फोक्सवॅगनची आयडी.7 दोन्ही रूपांत मिळते, लांबी दोन्हीची तीच, 4961 मिमी. हवेच्या अवरोधाचा आकडा (जितका कमी तितकं बरं) सेडानचा 0.23 आणि टूररचा, म्हणजे वॅगनचा, 0.24. मोठ्या बॅटरीवर कंपनीचा डब्ल्यूएलटीपी (रेंज मोजायची युरोपातली ठरलेली चाचणी) आकडा 709 च्या जागी 690 किमी. म्हणजे वीसेक किलोमीटर गेले, आणि त्याबदल्यात डिकी 532 ची 605 लिटर, सीटा पाडल्या तर 1714. माझ्या मते हा सौदा डोळे मिटून करावा.

पण सगळ्यांचं असं नाही हं. ऑडीची ए6 ई-ट्रॉन बघा, उतरत्या काचेच्या स्पोर्टबॅकचा अवरोध 0.21, अवांतचा, म्हणजे वॅगनचा, 0.24, रेंज 756 वरून 720, आणि सीटा उभ्या असताना डिकी दोन्हीची किती? 502 लिटर! तीच! सीटा पाडल्यावर 1330 आणि 1422. अवांतचं छप्पर मागे एवढं उतरवलंय की वॅगन घेऊन मिळालं काय तर चांगलं दिसणं. इकडचे लोक त्यासाठी पण पैसे देतात म्हणा, पण व्हीलचेअरवाल्याला त्याचा उपयोग नाही. तेव्हा "वॅगन हवी का" याच्याआधी कुठली वॅगन ते विचारा, चौकोनी मागची की तिरकी मागची.

पत्राकाम

चाकणला बॉडीच्या डिझाइनमध्ये काम करतो, कंपनी विचारू नका. "छप्पर सरळ मागे न्यायचं आणि दार लावायचं" हे वाक्य आमच्या मीटिंगमध्ये मार्केटिंगवाले दर वर्षी एकदा तरी बोलतात म्हणून जरा लांबण लावतो.

सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे एक आडवा पत्रा असतो, ज्याच्यावर लोक टिश्यूचा डबा आणि गणपती ठेवतात. तो शोभेचा नाही. तो आणि सीटच्या पाठीची चौकट मिळून बॉडीचा मागचा भाग पिळला जाऊ देत नाहीत. वॅगनमध्ये तो काढावा लागतो, कारण तोच तर आडवा येतो. मग ती ताकद दुसरीकडून आणायची, मागच्या दाराभोवती जाड कडं, मागचे खांब, छताखाली जास्तीची आडवी पट्टी. वजन वाढतं आणि तेही मागच्या टोकाला. मागचं दार म्हणजे काच, पत्रा, वायपर, मोटर, गॅसचे दांडे, तो सगळा भार छताच्या काठावर बिजागरीला लटकणार. स्प्रिंग बदला, डँपर बदला, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग मागेपर्यंत लांबवा, मागून धडक दिल्याची टेस्ट परत.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात दुखणारी वस्तू म्हणजे साइड बॉडी आउटर. पुढच्या खांबापासून मागच्या दिव्यापर्यंत बाजूचा अख्खा पत्रा एकाच तुकड्यात दाबून काढतात, त्याच्या डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, प्रेस शॉपमधल्या सगळ्यात महागड्या डायमध्ये येतात. वॅगन म्हटलं की त्या दोन्ही बाजूंच्या नव्या. मागची दारं पण बहुतेक वेळा नवी, कारण खिडकीची वरची रेघ बदलते. महिन्याला दोनशे गाड्या खपणार असतील तर या डायचा खर्च प्रत्येक गाडीवर किती पडेल, हिशोब_पक्का यांनीच सांगावं.

आता ईव्हीची चांगली बाजू. खाली बॅटरीचा सपाट पाट, त्यावर वरचं घर बदलायचं, खालचं काही हलवायचं नाही. पेट्रोल गाडीत मागे टाकी, एक्झॉस्ट, सायलेन्सर यांच्याशी मारामारी असायची, ती नाही. सीलमध्ये तर बॅटरीचं झाकण हीच गाडीची जमीन आहे, त्यामुळे खालून बॉडी आधीच दणकट, मागचा पत्रा काढल्याचा फटका तुलनेने कमी बसावा.

आणि एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये कधी लिहीत नाहीत. आवाज. सेडानची डिकी म्हणजे वेगळी बंद खोली, मागच्या चाकाचा आवाज तिथेच बराचसा मुरतो. वॅगनमध्ये ती खोली आणि तुम्ही बसता ती खोली एकच. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या आवाजात ते झाकलं जातं, इलेक्ट्रिकमध्ये झाकायला काहीच नाही, खडबडीत सिमेंटच्या रस्त्यावर मागून घूंऽऽ असा आवाज डोक्यात बसतो. तो मारायला परत फोम, परत वजन.

हे सगळं सांगून पण माझं मत विचाराल तर काढावी. फक्त पहिल्या दिवसापासून सेडान आणि वॅगन दोन्ही एकत्र आखून. सेडान खपली तर बघू, मग वॅगन काढू, असं केलं की ती कायम महागात पडते.

कोथरूडचा_प्लग

@पत्राकाम अप्रतिम. टिश्यूच्या डब्याखालच्या पत्र्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला.

@ब्राउनश्वाइगकर, पण एक सांगा, हवेचा अवरोध वगैरे तुमच्याकडे 150 नी पळताना. आमच्याकडे एक्स्प्रेसवेला 100 आणि घाटात 60 ची मर्यादा, ताम्हिणीतून दापोलीला जाताना तर सरासरी 35 पडली तरी नारळ फोडायचा. तिथे 0.22 चं 0.24 झालं तर कोणाला कळणारे?

ब्राउनश्वाइगकर

बरोबर पकडलंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 120 ला जेवढा लागतो त्याच्या निम्म्याहून कमी 80 ला. तुमच्या वापरात एसी, चढ आणि टायरची हवा यांचाच हिशोब मोठा. म्हणजे गंमत बघा, रेंजचं नुकसान जिथे सगळ्यात कमी तिथे वॅगन मिळत नाही, आणि जिथे सगळ्यात जास्त तिथे लोक वॅगनशिवाय दुसरं बघत नाहीत.

तरी छपरावर कॅरियर लावून सामान लादण्यापेक्षा वॅगन कधीही परवडली. टपावर पेट्या बांधून एकदा हायवेला जा आणि टक्के कसे उतरतात बघा. बऱ्याच ईव्हीना वर काचेचं छप्पर असल्यामुळे कॅरियर कुठे अडकवायचं हाही वेगळाच ताप.

सौ_मीनल_नाशिक

सगळे दादालोक लिटर आणि पत्रा मोजतायत, आईंचं कोणी विचारलंच नाही. कोथरूडकर, तुमच्या आई व्हीलचेअरवरून गाडीच्या सीटवर स्वतः सरकू शकतात की उचलून बसवावं लागतं? कारण खरा प्रश्न तिथे आहे.

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. खालच्या सीटच्या गाडीत बसवणं जमतं, ढकललं की बसतात, पण उठवणं म्हणजे दोन माणसांचं काम. इलेक्ट्रिक सेडानमध्ये तर अजून एक भानगड, जमिनीखाली बॅटरी असल्यामुळे पाय ठेवायची जागा वर आलेली आणि छप्पर खाली म्हणून सीट मात्र खालीच, त्यामुळे मागे बसलं की गुडघे वर येतात. म्हाताऱ्या माणसाला त्या पोझिशनमधून उठता येत नाही हो. वॅगन केली तरी सीट तिथेच राहणार, फक्त डोक्यावर जागा वाढेल.

आणि उंच एसयूव्ही पण नको, ते तुमचं बरोबर आहे, चढायला पायरी लागते. मधली उंची लागते. व्हीलचेअरची सीट आणि गाडीची सीट साधारण एका पातळीत आली की माणूस नुसता सरकतो. मी तुमच्या जागी असते तर एमजीची इलेक्ट्रिक विंडसर बघितली असती. 604 लिटरची डिकी, मागचं दार उभं उघडतं, आणि सीलच्या निम्म्याहून कमी पैशात. मागची सीट मागे रेलते तेव्हा डिकीत थोडी घुसते, तेवढं बघून घ्या.

टॉप_गियर_तात्या

मीनलताईंनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. आणि त्यातून माझा पण मुद्दा सिद्ध होतो, विंडसर म्हणजे वॅगनच आहे की! लांब व्हीलबेस, सपाट छप्पर, मोठं मागचं दार. कंपनीने तिला वॅगन म्हटलं नाही, सीयूव्ही (क्रॉसओव्हर युटिलिटी व्हेइकल) म्हटलं, आणि लोकांनी रांगा लावल्या. त्याच्याआधी बीवायडीची ई6 आली होती, ती तर अगदी उघड वॅगन, 580 लिटरची डिकी, पण लोक म्हणाले टॅक्सीची गाडी. नाव आणि उंची या दोन गोष्टी सांभाळल्या की आपल्या लोकांना वॅगन चालते. सेडान कापून वॅगन केली आणि तिला वॅगन म्हटलं तर ती नाही चालणार, इथे माझं मत ठाम.

हिशोब_पक्का

@पत्राकाम, महिन्याला दोनशे धरले तर डायचा खर्च निघायच्या आत मॉडेल बंद होईल, तेवढं कबूल. पण निर्यात धरा ना. इथे दोनशे आणि युरोपात दोन हजार असं असेल तर गणित बदलतं. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी ब्रिटनला पण जाते, आणि तिथे एमजी5 ही पहिली इलेक्ट्रिक इस्टेट (वॅगनला तिकडे इस्टेट म्हणतात) 2020 पासून चांगली खपत होती, साधी, बिनडौल, स्वस्त.

अर्धी_काच

कोणीच मधला मार्ग बोलत नाहीये म्हणून लॉगिन केलं. वॅगन सोडा, लिफ्टबॅक करा. बाहेरून सेडानसारखीच दिसणार, शेजारी अँब्युलन्स म्हणणार नाहीत, पण मागची काच दारासकट वर उचलली जाते. ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब आपल्याकडे इतकी वर्षं लोकांनी सेडान समजूनच घेतल्या आणि त्यांच्या डिकीत काय काय वाहून नेलं. बीएमडब्ल्यूची आय4 तशीच आहे. टेस्लाची मॉडेल एस 2012 पासून तशीच, सुरुवातीला तर तिच्या डिकीत मुलांसाठी उलट्या तोंडाच्या दोन सीटा मिळायच्या. ब्राउनश्वाइगकरांची ती आयडी.7 "सेडान" पण खरं म्हणजे लिफ्टबॅकच आहे, म्हणून तर सीटा पाडून तिच्यात 1586 लिटर बसतात आणि टूररशी फरक थोडाच उरतो.

सीलच्या बाबतीत मला कळत नाही ते हेच, एवढी उतरती काच दिली तर ती उघडणारी का नाही दिली. साइड बॉडीची डाय पण वाचली असती, बरोबर ना पत्राकामसाहेब?

पत्राकाम

सगळी नाही, मागचा भाग थोडा बदलतो, पण हो, वॅगनच्या मानाने फार कमी. अडचण दुसरी आहे. उचलणाऱ्या काचेची बिजागरी छताच्या टोकाला येते, म्हणजे बरोबर मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर. तिथे एक आडवी तुळई लागते आणि डोक्यावरची दोन-तीन सेंटीमीटर जागा जाते. ईव्हीत जमीन आधीच वर आलेली, त्यात वरून पण घेतलं तर उंच माणूस मागे बसणार नाही. चीनमध्ये मागे बसणारा मालक असतो, त्यामुळे तिथला डिझाइनर त्या तीन सेंटीमीटरसाठी भांडतो. सील का तशी झाली हे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण आमच्याकडे तरी हा वाद दर वेळी असाच संपतो, काच फिक्स.

कोथरूडचा_प्लग

मीनलताई, आई आधार दिला तर स्वतः सरकते, उचलावं लागत नाही. पण सीटच्या उंचीचा विचार मी खरंच केला नव्हता, चालवून आलो तेव्हा आई बरोबर नव्हती. या रविवारी तिला आणि व्हीलचेअरला घेऊन दोन्हीकडे जातो, सील पण आणि विंडसर पण. वॅगन कोणी काढली तर मी आहेच रांगेत, तात्यांचा दुसरा गिऱ्हाईक कोण ते मात्र अजून कळलं नाही.

ब्राउनश्वाइगकर

दुसरा मी, परत आलो तर.

जाताना मेजर टेप न्या आणि लिटरवर जाऊ नका. हे आकडे बहुतेक वेळा एकेक लिटरचे ठोकळे रचून काढतात, 20 गुणिले 10 गुणिले 5 सेंटीमीटरचे, त्यामुळे चाकाच्या वरच्या सांदीत आणि कोपऱ्यात बसलेले ठोकळे पण मोजले जातात, तिथे व्हीलचेअर बसत नाही. तीन मापं घ्या: दाराच्या तोंडाची रुंदी सगळ्यात अरुंद जागी, उंबऱ्यापासून वरच्या काठापर्यंतची उंची, आणि उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते. तिसरं माप तुमच्या कंबरेसाठी. आणि व्हीलचेअर आत घालताना मागची सीट आईंना पाहिजे तेवढी रेलून ठेवा, सरळ करून मोजू नका.